आसा राजाची शेवटची पाच वर्षे आणि आपली देवाबरोबरची चाल

वाटसरू, सदर

सर्वांना जय ख्रिस्त. गेल्या रविवारी नागपुरातल्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) पवित्र शास्त्रातील २ इतिहास, म्हणजे इतिहासाचे दुसरे पुस्तक, याच्या १४ ते १६ या अध्यायांवर उपदेश झाला. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आसा हा यहूदाच्या राज्याचा चांगला राजा. त्याने मूर्ती काढून टाकल्या आणि खुद्द आपल्या आजीला, माकाला, राजमातेच्या पदावरून दूर केले. कूशी जेरह प्रचंड सैन्य घेऊन आला तेव्हा, बलवानाविरुद्ध दुर्बळाला साहाय्य करणारा तुझ्यावाचून कोणी नाही, अशी त्याने परमेश्वराला हाक मारली. मात्र कारकिर्दीच्या ३६ व्या वर्षी इस्राएलाचा राजा बाशा याने रामा नगराला तटबंदी करायला घेतली, तेव्हा तोच आसा मंदिरातले सोने-रुपे काढून अरामाचा राजा बेन-हदाद याच्याकडे मदत मागायला जातो. हनानी द्रष्टा त्याला त्याची चूक सांगतो, तर आसा त्यालाच बंदिवासात टाकतो. ३९ व्या वर्षी त्याच्या पायांना भारी रोग होतो. त्यातही तो परमेश्वराला शरण न जाता केवळ वैद्यांना शरण जातो आणि ४१ व्या वर्षी मरण पावतो.

मी ६१ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. चौदाव्या वर्षी माझे दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झाले, तेव्हापासून प्रार्थना आणि वाचन यांत मोठा खंड पडला नाही. नोकरीच्या दिवसांत पहाटे सव्वापाचला उठून, चहा गॅसवर ठेवून मी एक अध्याय वाचत असे. आता दिवसभर मोकळा आहे आणि तरी आठवड्यातले तीन-चार दिवस शास्त्र उघडले जात नाही. कोणतेही मोठे पाप घडलेले नाही, विश्वास सोडलेला नाही, रविवारची उपासना चुकत नाही. असे असूनही आपण देवाबरोबर चालत आहोत की केवळ चालण्याच्या सवयीने पुढे सरकत आहोत, हे मला कळेनासे झाले आहे. तरुणपणीच्या मोहांविषयी मंडळीत पुष्कळ बोलले जाते. शेवटच्या टप्प्यात माणूस का ढिला पडतो, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ज्यांनी या वयातून वाट काढली आहे त्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

निवृत्त शिक्षिका

वाटसरू दादा, सलाम. मी संडेस्कूलमध्ये बरीच वर्षे शिकवले, म्हणून आधी शब्दाकडे पाहते.

‘देवाबरोबर चालणे’ हा प्रयोग शास्त्राच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात हनोखाविषयी येतो. तिथे मूळ इब्री क्रियापदाचे जे रूप आहे त्यात एकदा कुठे तरी पोहोचण्याचा अर्थ नाही. येणे-जाणे, वावरणे, सतत सोबत असणे असा अर्थ आहे. त्याच क्रियापदाचे तेच रूप उत्पत्ति ३:८ मध्येही आहे. तिथे चालणारा देव आहे: दिवसाच्या गारव्याच्या वेळी तो बागेत फिरत आहे आणि माणूस झाडांमध्ये लपून बसला आहे. मे महिन्यात दिवसभर होरपळल्यावर संध्याकाळी पाणी शिंपडलेल्या अंगणात बसलेल्या नागपूरकराला ‘दिवसाचा गारवा’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्या सुखाच्या वेळी देव माणसाची सोबत शोधत येतो. शास्त्रात आपल्या चालण्याच्या आधी त्याचे चालणे आहे, हे मी मुलांना पहिल्याच पाठात सांगत असे.

दुसरी गोष्ट. हनोख ६५ वर्षांचा असताना त्याला मथुशलह झाला आणि त्यानंतर तो ३०० वर्षे देवाबरोबर चालला, त्याला आणखी मुलगे व मुली झाल्या, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे हे चालणे डोंगरावरच्या एकांतातले नव्हते. रडणारी मुले, आजारपणे, लेकींची लग्ने या सगळ्यांतून ते झाले. त्याने कोणता चमत्कार केला किंवा कोणते शहर वसवले याची उत्पत्तीत एक ओळही नाही.

तुमच्या आसाबद्दल मात्र एक अडचण दाखवते. त्याच ग्रंथात, २ इतिहास १५:१७ मध्ये, आसाचे मन त्याच्या सर्व हयातीत परमेश्वराशी सात्त्विक होते असा निर्वाळा दिलेला आहे; १ राजे १५:१४ मध्येही तेच आहे. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याला सुगंधी द्रव्यांनी भरलेल्या शय्येवर ठेवले आणि त्याच्यासाठी मोठा अग्नी पेटवला. शास्त्राने त्याच्या शेवटच्या पाच वर्षांवर पांघरूण घातले नाही, आणि त्या पाच वर्षांनी आधीची ३५ पुसूनही टाकली नाहीत. तुम्ही स्वतःला तपासाल तेव्हा दोन्ही पाने उघडी ठेवा.

प्रश्नकर्ता, धंतोली

शिक्षिकाबाईंचे म्हणणे पटले, तरी मूळ गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे. मग शेवटपर्यंत टिकणे हे आपले काम मानले तर आपण पुन्हा कर्मावर येऊन उभे राहतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (१:६) प्रेषित पौल सांगतो की ज्याने आपल्यामध्ये चांगले काम आरंभले तोच ते सिद्धीस नेईल. वाटसरू काकांनी इतके बेचैन होण्याचे कारण मला दिसत नाही.

निवृत्त शिक्षिका

त्याच पत्रात एक अध्याय पुढे जा. २:१२ मध्ये भीत व कापत आपले तारण साधून घ्या असे आहे, आणि १३ व्या वचनात लगेच त्याचे कारण दिले आहे की इच्छा करणे व कृती करणे हे तुमच्या ठायी साधणारा देव आहे. पौलाला या दोन वाक्यांत भांडण दिसले नाही. चालायला शिकणाऱ्या बाळाचा हात आईने धरलेला असतो, म्हणून बाळ पाय उचलायचे थांबवत नाही. हात धरलेला असतो म्हणूनच ते उचलते. दादांची बेचैनी हे विश्वास उणा असल्याचे लक्षण नव्हे. मला तर ती जागेपणाची खूण वाटते.

परतलेला

या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला.

मी १९ वर्षे कोणत्याही मंडळीत गेलो नाही. त्याआधी मी तरुण संघाचा कार्यवाह होतो, गायनमंडळात होतो, नाताळच्या दिवसांत गल्लोगल्ली फिरून गीते गाणाऱ्यांत पुढे असायचो. मंडळीच्या निवडणुकीत वाद झाला. माझ्याविषयी हिशोबात गोंधळ केल्याची कुजबुज झाली, ती खोटी होती, आणि ज्यांना ती खोटी असल्याचे ठाऊक होते तेही त्या सभेत गप्प बसले. मी उठून बाहेर पडलो. पहिले काही महिने घरी प्रार्थना करत होतो. पुढे ती रात्रीपुरती उरली, मग संकटापुरती, आणि मग माझी मुले दृढीकरणाच्या वयाची होऊन गेली तरी त्यांना पाळकसाहेबांचे नाव माहीत नव्हते.

प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. देवाला सोडायचे असे मी एकाही दिवशी ठरवले नव्हते. मी माणसांना सोडले आणि देवाबरोबर एकट्याने चालीन अशी माझी समजूत होती. एकट्याने चालताना वाट चुकली तर सांगायला कोणी नसते, आणि चुकलेल्या वाटेवरही पाय तितक्याच सहजपणे पडत राहतात.

परतल्यावर लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायाने मला धरून ठेवले. अम्माऊसला निघालेले ते दोघे शिष्य यरुशलेम सोडून, म्हणजे बाकीच्या शिष्यांना सोडून, उलट दिशेने चालले होते. आम्ही आशा धरून होतो, असे ते भूतकाळात बोलतात. आणि प्रभू त्यांना परत फिरवण्याआधी त्यांच्याच चुकीच्या दिशेने त्यांच्याबरोबर चालू लागतो. यरुशलेमेपासून अम्माऊस सुमारे ६० स्टेडिया, म्हणजे साधारण ११ किलोमीटर दूर. तो गावापर्यंत त्यांच्याबरोबर गेला, त्यांचे ऐकून घेतले, शास्त्र उलगडून सांगितले, आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले आणि त्याच रात्री ते यरुशलेमेला परतले. माझ्या १९ वर्षांत तो माझ्याबरोबर नव्हता असे मी आता म्हणू शकत नाही. मी ओळखत नव्हतो, एवढेच मला म्हणता येते.

त्या सभेत गप्प बसलेल्यांपैकी एक जण दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, मी तेव्हा बोलायला हवे होते. त्या रविवारी मी उपासनेला गेलो.

सेमिनरी हिल्सचा वाचक

मी कॅथलिक आहे; या धाग्यावर बहुतेक जण प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले दिसतात, तरी परवानगी गृहीत धरून लिहितो. आपल्या शहरातील कॅथलिक कॅथीड्रल ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने आहे, ते १५६७ ते १६२२ या काळातले जिनीव्हाचे बिशप. मठात न राहता घरसंसारात, व्यवसायात आणि दरबारात राहणाऱ्या सामान्य माणसालाही भक्तीचे जीवन पूर्णपणे जगता येते, ही त्यांची शिकवण होती. स्वतःच्या चुकांवर चिडू नये, सौम्यपणे पुन्हा आरंभ करावा, यावर त्यांचा मोठा भर होता. वाटसरू काका, चुकलेल्या तीन दिवसांचा हिशोब मांडत बसण्यापेक्षा चौथ्या दिवशी शांतपणे शास्त्र उघडणे त्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते.

आमच्याकडे झोपण्यापूर्वी सद्सद्विवेकाची तपासणी करण्याची रीत आहे: दिवस आठवायचा, कृपेबद्दल आभार मानायचे, जिथे घसरलो तिथे क्षमा मागायची. माझे वडील हे दहा मिनिटांत करत आणि मग बाहेरच्या दाराची कडी लावत. ही दोन कामे मी त्यांना कधी वेगळी करताना पाहिले नाही.

मोहननगरची एक गृहिणी

सर्वांनी छान लिहिले आहे, पण चालणे या शब्दावर माझे मन अडते. माझे यजमान अर्धांगाच्या झटक्यानंतर सव्वादोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्या काळात आठ महिने मला प्रार्थना करता आली नाही. वेळ नव्हता असे नाही. रात्री दोन-दोन वाजता मी जागीच असायची. देवावर राग होता आणि त्याच्याशी बोलायला तोंड उघडले तर काय बाहेर पडेल याची भीती वाटत होती. माझी चाल त्या आठ महिन्यांत थांबली होती का?

महिला मंडळातल्या दोघी दर गुरुवारी येत. एक यजमानांची पाठ पुसायला मदत करी, दुसरी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापी. एकदा मी त्यांना सांगून टाकले की माझ्यासमोर प्रार्थना करू नका, मला ‘आमेन’ म्हणवत नाही. त्यांपैकी मोठ्या ताईंनी शास्त्र मागितले आणि स्तोत्र ८८ मोठ्याने वाचले. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. इतर बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी जशी आशेची कलाटणी येते तशी त्यात येत नाही. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, हे देखील देवाच्याच पुस्तकात आहे, तुला एवढेच म्हणवत असेल तर एवढेच म्हण. पुढचे कित्येक आठवडे मी रोज तेच स्तोत्र वाचत राहिले.

यजमान गेले त्याला आता सहा वर्षे झाली. आज मी प्रार्थना करू शकते. मात्र त्या काळातला माझा विश्वास त्या दोघींनी उचलून धरला होता, मी नाही, हे मला लिहून ठेवायचे आहे. पक्षाघाती माणसाला चौघांनी छत उकलून येशूपुढे खाली सोडले, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो.

जुना रहिवासी, सिव्हिल लाइन्स

ताई, तुमचे लिखाण वाचून बराच वेळ पुढे काही वाचवले नाही. देव तुमचे सांत्वन करो.

मी वयाने इथे बहुधा सर्वांत मोठा असेन, म्हणून आपल्या गावच्या काही गोष्टी या विषयाला जोडतो. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. ते शिक्षक होते, मिशनरी होते, आणि या भागातील खडक व जीवाश्म यांचे जाणकारही होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटच्या शिळावर्तुळांच्या पाहणीनंतर बोरीच्या वाटेवर, पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडून मरण पावले. वय ४६ देखील पूर्ण नव्हते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय त्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये निघाले. शेवट चांगला होणे म्हणजे वार्धक्यात समाधानाने डोळे मिटणे, असे आपण नकळत धरून चालतो. हिस्लॉप यांचा शेवट कामाच्या मध्यावर, अंधारात आणि पाण्यात झाला. त्यांची चाल अपुरी राहिली असे म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

दुसरीकडे पंडिता रमाबाई. आयुष्याची शेवटची अनेक वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सगळे सोपवायचे ती आधी निघून गेल्यावर, कानांना नीट ऐकू येत नसताना, ही बाई मुद्रिते तपासत राहिली आणि ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेली. शेवटच्या टप्प्यात माणूस ढिला का पडतो, असे वाटसरू विचारतात. रमाबाईंना त्या टप्प्यात करण्यासारखे काही तरी उरले होते, आणि ते स्वतःसाठी नव्हते. निवृत्त माणसाने याचा विचार करावा असे मला वाटते. मी स्वतः निवृत्तीनंतरची पहिली चार वर्षे वर्तमानपत्र वाचण्यात घालवली आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

नारायण वामन टिळकांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. त्याने त्यांच्याशी आदराने संवाद केला आणि नवा करार वाचायला दिला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्या सहप्रवाशाला टिळकांबरोबर जेवढी वाट मिळाली तेवढी तो चालला आणि उतरून गेला. कित्येकदा आपल्या वाट्याला दुसऱ्याच्या आयुष्यातली एवढीच स्थानके येतात.

आणि एक आठवण. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आपल्या नागपुरातच झाली. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. म्हणजे ४१ वर्षे. आसाच्या कारकिर्दीइतकीच, हे आता लिहिताना लक्षात आले. बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो दिवस पाहायला नव्हते. बाप्तिस्मा कसा द्यावा, बिशप असावा की नसावा, यांवर इतकी वर्षे एकमेकांसाठी थांबत थांबत ते लोक चालले. देवाबरोबर चालायचे तर त्याच्या इतर लेकरांच्या चालीनेही चालावे लागते, आणि तीच बहुतेकांना कठीण जाणारी गोष्ट आहे. परतलेला यांच्या लिखाणात मला तेच दिसले.

रात्रपाळी, मिहान

सर्व वडीलधाऱ्यांना सलाम. माझे वय २४. आठवड्यागणिक पाळी बदलते. पहाटेची वेळ, झोपण्यापूर्वीची वेळ असे तुम्ही लिहिता, पण माझी पहाट कधी संध्याकाळी सहाला होते. नियम बसतच नाही आणि मग अपराधी वाटते.

निवृत्त शिक्षिका

बाळा, वेळ घड्याळाला न बांधता एखाद्या कामाला बांध. पाळी कोणतीही असो, कामावर जाण्यासाठी बूट घालतोसच ना? बूट घालण्यापूर्वी एक परिच्छेद आणि दोन मिनिटे प्रार्थना. सुट्टीच्या दिवशी भरपूर वाच. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे हे खरे, पण पौल आणि सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री गीते गाइली. तुझ्या पाळीला ती वेळ जवळची आहे. आणि दर रविवारी जमत नसेल तर तुझ्याच पाळीतला एखादा सोबती शोध.

वाटसरू, सदर

एवढ्या मनापासून उत्तरे येतील असे वाटले नव्हते. सर्वांचे आभार. काल संध्याकाळी २ इतिहास १६ पुन्हा सावकाश वाचले.

उपदेश ऐकताना माझे लक्ष बेन-हदादाकडे पाठवलेल्या सोन्यावर आणि वैद्यांवर होते. या वेळी दहाव्या वचनापाशी थांबलो. हनानी बोलला तेव्हा आसा रागावला, त्याने त्याला बंदिवासात घातले, आणि त्याच सुमारास प्रजेतल्या काही लोकांवर जुलूम केला. पायांचा रोग त्यानंतर तीन वर्षांनी आला. त्या तीन वर्षांत त्याच्याजवळ येऊन खरे बोलेल असा कोणी उरला नसावा. जो बोलला तो कोठडीत होता, आणि ते पाहून बाकीचे गप्प झाले असणार. तरुणपणी अजऱ्या संदेष्टा सामोरा येऊन बोलला तेव्हा याच आसाने धीर धरून सगळ्या देशाची शुद्धी केली होती. देवाने पाठवलेले शब्द दोन्ही वेळा माणसाच्या तोंडूनच आले होते.

मग स्वतःकडे पाहिले. नोकरीत असताना माझ्याबरोबर एक मित्र होता. आम्ही एकाच मंडळीतले, एकाच बसने कामावर जात असू, आणि सकाळी वाचलेल्या अध्यायाविषयी सीताबर्डीपर्यंत बोलणे व्हायचे. मी वाचले नसेल तर त्याला ते पहिल्या दोन मिनिटांत कळत असे. निवृत्तीच्या थोडे आधी त्याने मला माझ्या मुलाशी मी ज्या कठोरपणे वागत होतो त्याबद्दल स्पष्ट सुनावले. मी त्याला, आमच्या घरात लक्ष घालू नकोस, असे म्हणालो. तेव्हापासून उपासनेनंतर हात मिळवण्यापलीकडे आमचे बोलणे नाही. मी पहाटेच्या सवयीला दोष देत होतो. खरे तर अध्याय वाचणे थांबले ते त्याच्याशी बोलणे थांबल्यावर. आणि तो जे म्हणाला होता ते खरे होते.

परतलेला, तुमच्या दारात येऊन उभा राहिलेल्या माणसाविषयी तुम्ही लिहिले नसते तर मला हे धैर्य झाले नसते. आज सकाळी मी मित्राकडे गेलो. तो नळाला पाणी आले म्हणून बादल्या भरत होता. मी दारातूनच सांगितले की तू मुलाविषयी बरोबर बोलला होतास. त्याने हातातली बादली खाली ठेवली, मला आत बोलावले, आणि चहा होईपर्यंत आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. निघताना त्याने विचारले, सध्या काय वाचतोस? मी म्हणालो, इतिहासाचे दुसरे पुस्तक, सोळाव्यावर अडकलो आहे. तो म्हणाला, मग सोमवारी सतरावा वाचून ये, यहोशाफाट आसाचाच मुलगा आहे.

मुलगा पुण्याला असतो. त्याला रात्री फोन करणार आहे. आपण सर्वांनी त्यासाठी प्रार्थना करावी.

मोहननगरची एक गृहिणी

करत आहे, दादा. आता सव्वाआठ झाले आहेत. फोन झाल्यावर इथे दोन शब्द लिहा, तोपर्यंत मी जागी आहे.